आठ दिवस चाक वाजू द्या

बसा भाऊ. त्या बाजेवर बसा, शकूरभाऊच्या पायाशी. त्याले आता दिसत नाही, पन कान शाबूत हायेत. मी मागलं चाक हातानं फिरवीन अन् तो बसल्या जागेवरून सांगीन, ब्रेक जास्त आवळला की ढिला राह्यला. सुपात ज्वारी घोळल्यावानी बारीक आवाज आला पाह्यजे. तो आवाज त्याच्या मनासारखा येईपर्यंत तुमची मोटार जॅकवरून उतरत नाही.

ब्रेकचं लायनर नवं टाकलं हाये. तांब्याचे रिबिट खोल बसवले, ड्रम पेट्रोलनं धुतला, अन् ह्या लढाईच्या दिवसांत पेट्रोल काय मिनतवारीनं भेटते, तुम्हाले ठाऊकच हाये. आता एक ऐका. घरी गेल्यावर मागची चाकं आठ दिवस कुईकुई करतीन. करू द्या. नवं लायनर ड्रमले घासून बसेपर्यंत असंच बोंबलते. त्याले तेल देऊ नोका, वंगन देऊ नोका. हासता काय? मी दिलं व्हतं.

माहं नाव कारभारी. हात काळे झाले म्हनून मी जलमाचा मिस्त्री नाही. वीस वर्सं मी रामरावाच्या घरचा गाडीवान व्हतो. ते गाव इथून, दुसरबीडच्या सडकेपासून, दोन कोस. रामराव म्हंजे गावचे मोठे शेतकरी. त्याईची दमनी, बसाची हलकी बैलगाडी, मी हाकू, अन् दमनीले बैल कसे, तर हरण्या अन् बाशिंग्या. माह्या हातची जोडी. गोऱ्हे व्हते तवापासून मीच वाढवले. दमनीच्या चाकांले लोखंडाची धाव बसवाची असली की मी इथं शकूरभाऊकडे ये. तवा हे लोहारकामाचं खोपट व्हतं. मंग सडकेनं उतारू नेनाऱ्या सर्व्हिस मोटारी धावू लागल्या, शकूरभाऊनं त्या खोलून खोलून पाह्यल्या, अन् धाव बसवता बसवता मोटारीचा मिस्त्री झाला.

रामरावानं मोटार घेतली तवा माह्या अंगाची लाही लाही झाली. जुनी मोटार, ब्रेक फक्त मागल्या दोन चाकांले. ठेवली कुठं, तर गोठ्यात, माह्या बैलांले कोपऱ्यात सरकवून. वहाब नावाचा डायव्हर आला. साधा मानूस, पन मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. काऊन बोलू? माह्या बैलांची जागा घेतली त्यानं.

त्या साली पोळ्याच्या आठ दिवस आधी शकूरभाऊनं मोटारीचे मागले ब्रेक नवे केले. मालकाची लेक कोकिळाबाई बाळंतपनाले माहेरी आली व्हती. पोळा झाला की महालक्ष्म्यांसाठी तिले सासरी धाडाचं, मोटारीनं मलकापूरपर्यंत अन् तिथून रेल्वेनं. वाटेत राजूरचा घाट. म्हनून मालकानं ब्रेक आधीच करून घेतले.

ब्रेक करून मोटार आली ते बोंबलतच. वहाबनं पाय दाबला की मागची चाकं कुईईई. वहाबले त्याचं काही नाही. पन भाऊ, गाडीवानाच्या जातीले वाजनारं चाक म्हंजे बेअब्रू. चाक वाजलं की लोक म्हनतात, ह्या घरचा गाडीवान झोपला. मालकाच्या दारातून तसा आवाज निघे अन् माही मान खाली जाय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलता कलता, खांदे शेकाले बसलो. लोनी-हळद कोमट करून पळसाच्या पानानं बैलांचे खांदे चोळाचे अन् त्याईच्या कानाशी म्हनाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दोघांचं झालं. उठलो, तर मोटार दिसली. कोपऱ्यात उभी, गुमान. मनात आलं, ही बी आता ह्याच घरचं ओझं वाह्यते. सनाच्या दिवशी कोन्या जनावराले वगळू नाही. राग गेला माहा. दमनीखाली टांगलेला वंगनाचा नळा काढला. एरंडीचं तेल अन् काजळी, मी स्वतः घोटलेलं. मागल्या चाकांच्या ड्रमले मागून भोक असते, त्यातून दोन्हीकडे चांगलं पोटभर ओतलं. अन् तिलेही म्हनलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये.

दुसऱ्या दिवशी मोटार जागची हालली नाही, झेंडूच्या माळा घालून उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाबाई निघाली, मांडीवर पाच महिन्याचं लेकरू. सामान उतरवाले म्हनून मी मागं बसलो. चाक वाजत नव्हतं. मी मनात म्हनलं, पाह्य वहाब, ह्याले म्हनतात गाडीवान.

नदीचा उतार लागला. वहाबनं पाय दाबला. मोटार थांबेना. पुन्हा दाबला, हातब्रेकचा दांडा ओढला, तोही त्याच चाकांचा. खाली नदी भरून चाललेली. कोकिळाबाईनं लेकरू छातीशी आवळलं अन् माह्याकडे पाह्यलं. लहानपनी दमनीत भेव वाटलं की अशीच पाहे. मी गाडीवान, अन् माह्या हातात कासराच नाही. वहाबनं हातातलं चाक फिरवून मोटार सडकेच्या बाजूच्या कपाशीत घातली. भादव्याची काळी माती, चाकं आसापर्यंत रुतली अन् मोटार थांबली. कोनाले खरचटलंही नाही. त्या मातीचे अन् वहाबचे उपकार मी मरेपर्यंत ईसरनार नाही.

मालक घोड्यावरून आले. शकूरभाऊले बोलावनं गेलं. त्यानं तिथंच चाक काढलं, ड्रम ओढला. आत काळं चिक्कट तेल, लायनर पिऊन टम्म, ते ड्रमले धरन कुठून? त्यानं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. बापा, एरंडी अन् काजळीचा वास त्याले कोन शिकवाचा? जलमभर त्यानं बैलबंड्यांची चाकं हाताळली. त्यानं मान वर केली अन् सरळ माह्याकडे पाह्यलं.

"काय निघालं?" मालकानं इचारलं.

"माही चूक हाये, रामराव," शकूरभाऊ म्हनला. "आसावरचा वायसर मी जुनाच ठेवला. आतलं ग्रीस गळून लायनरवर आलं."

मालक मोठ्यानं बोलले नाहीत. म्हनले, "माही लेक मेली असती, शकूर. ह्या सडकेवर तुह्या हाती कोनाची मोटार जाऊ देनार नाही मी."

अन् मी? मी मुक्यावानी उभा राह्यलो. आठ दिवस मुकाच राह्यलो. मालकाचा शब्द सडकेवर चाले. सर्व्हिस मोटारीवाले मेहकरले जाऊ लागले. चौथ्या दिवशी मी इथून गेलो, तर खोपटापुढं एक मोटार नाही अन् शकूरभाऊ जुने खिळे सरळ करत बसलेला. माही बायको रुक्मिनी म्हने, अन्न काऊन गोड लागत नाही तुम्हाले?

आठव्या दिवशी मी त्याच्यापुढं येऊन बसलो. म्हनलं, "शकूरभाऊ, तुले ठाऊक व्हतं."

"हाव."

"मंग खोटं काऊन बोलला?"

तो हातोडी चालवतच म्हनला, "मोटारी काय, आज गेल्या, उद्या येतीन. तुह्यावाली जोडी गेली तर तुले कुठून भेटीन? अन् चूक माहीबी हाये बे. नवं लायनर वाजते, हे मी वहाबले सांगतलं. गोठ्यातल्या मानसाले सांगतलं नाही. तू चाकाचा मानूस, वाजलेलं तुले सोसनार नाही, हे मले समजाले पाह्यजे व्हतं."

भाऊ, माहा बाप मेला तवा रडलो नसीन तेवढा रडलो. उठलो अन् तसाच मालकाच्या ओट्यापुढं जाऊन सगळं सांगून टाकलं.

मालक म्हनले, "कारभारी, वंगन टाकलं त्याची माफी हाये. येडेपनानं टाकलं. पन आठ दिवस एक मानूस तुह्यापायी बदनाम झाला अन् तू माह्याच गोठ्यात बसून पाह्यत राह्यला. उद्यापासून येऊ नोको."

खरं बोलले. बैलांच्या पाठीवरून हात फिरवला अन् निघालो. त्याच दिवशी मालक सोता इथं आले, चार मानसांत शकूरभाऊची माफी मागितली, अन् मोटार त्याच्याच हाती दिली.

दुसऱ्या दिवशी शकूरभाऊ माह्या दारात. म्हने, "चल. चाकाची लाज असनारा मानूस मले पाह्यजेच हाये." पंचेचाळीस वर्सांचा घोडा मी, पान्याचं नाव ठाऊक नाही. त्यानं एकदाही हिडीसफिडीस केली नाही. पह्यलं काय शिकवलं? ड्रम खोलला की आधी वास घे. अन् दुसरं, गिऱ्हाइकाच्या घरी जो कोनी चाकाले हात लावते, त्यालेही सांग, आठ दिवस वाजू द्या.

पोट भरलं. पन वर्स फिरून पोळा जवळ आला अन् माह्या जिवाले चैन पडेना. वीस वर्सांत पह्यल्यांदा माह्या हाताले खांदाच नाही. खांदशेकनीच्या दिवशी मान खाली घालून लायनर घासत बसलो व्हतो. दुपार कलली अन् खुळखुळ घुंगरं वाजली. मी वळखली. रामरावाची दमनी, हरण्या-बाशिंग्या जुपलेले, अन् नव्या गाडीवानाच्या जागी वहाब हाकून राह्यला.

"धाव ढिली झाली काय?" म्हनत मी उठलो.

"धाव घट्ट हाये," शकूरभाऊ म्हनला. "नव्या गाडीवानाले बैल खांद्याले हात लावू देत नाहीत. मी रामरावाकडे गेलो व्हतो सकाळी, म्हनलं, आजच्यापुरते धाडा. दिवस बुडाच्या आत परत धाडजो, असं म्हनले ते."

आतून त्याची बायको खैरुन्निसा वाटीत लोनी-हळद घेऊन आली. कोमट केलेलं. पळसाची पानंही त्यानंच तोडून आनली व्हती.

माहे हात पेट्रोलनं वासत व्हते. मले वाटलं, हरण्या काही वळखत नाही. त्यानं हात हुंगला, फुस्स केलं, अन् मान खाली घालून खांदा पुढं केला. दोघांचे खांदे चोळले. कानाशी म्हनलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मंग वळलो अन् तेच शकूरभाऊले म्हनलं.

तो म्हने, "मले बैल समजला काय बे?"

म्हनलं, "तू माह्या घरचं ओझं वाह्यते."

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून आला. पोळ्याची पह्यली पुरनाची पोळी बैलाची असते, अन् माह्या दारी बैल नव्हता. रुक्मिनीनं ते पोळी शकूरभाऊच्या ताटात वाढली, वरून तूप सोडलं. तवापासून दरसाल पह्यली पोळी त्याचीच असते.