महिपती पाटकऱ्याचं काटेरी पीक

महिपती पाटकऱ्याची आणि त्या म्हाताऱ्याची पहिली भेट इंदापुरात, बापूसाहेबांच्या बंगल्याच्या ओट्यावर झाली. सन छत्तीसची दिवाळी होऊन चार दिवस लोटले होते. म्हातारा वेताच्या खुर्चीत ऊन खात बसला होता. पांढरेशुभ्र केस पार पोटापर्यंत रुळलेले आणि खाली घोंगडीचा तुकडा गुंडाळलेला. महिपतीची नजर त्या काळी अशी होती, की दहा हातांवर म्हैस उभी आहे की मामलेदार, हे त्याला सांगता येत नसे. उगाच चूक नको म्हणून तो दोघांनाही मुजरा करी. तसा त्यानं या म्हाताऱ्यालाही केला.

म्हातारा हूं की चूं बोलला नाही. इतका गप्प बसणारा माणूस फार वरच्या हुद्द्याचा असणार, हे महिपतीनं सरकारी नोकरीच्या एकतीस वर्षांत शिकून ठेवलं होतं. तो पायरीवर टेकला आणि त्यानं आपली हकीकत सांगायला घेतली. नीरेच्या कालव्यावरची नोकरी, गेल्या महिन्यात पेन्शनीत निघणं, मग गुडघा, मग दुसरा गुडघा. सांगता सांगता ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. म्हाताऱ्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. एवढ्या मोठ्या साहेबानं आपलं एवढं ऐकून घेतलं, या विचारानं महिपतीला गहिवरून आलं. त्यानं पुढं होऊन म्हाताऱ्याच्या गुडघ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

त्याची आरोळी ऐकून भिगवण स्टेशनातल्या उतारूंनी गाडी आली म्हणून गाठोडी उचलली, असं इंदापुरात अजून सांगतात.

बापूसाहेब बाहेर आले, त्यांनी पाहिलं, आणि हसून हसून त्यांना दाराची चौकट धरावी लागली. बापूसाहेब म्हणजे कालव्यावरचे महिपतीचे जुने साहेब. तेही पेन्शनीत होते आणि निवडुंगांच्या नादी लागले होते. खुर्चीतला म्हातारा हा असला परदेशी निवडुंग होता, की ज्याच्या काट्यांवर म्हाताऱ्यासारखे केस येतात. गारठा बाधू नये म्हणून माळ्यानं कुंडीला घोंगडी गुंडाळून त्याला उन्हात ठेवला होता. महिपतीच्या तळहातातले काटे चिमट्यानं उपटता उपटता साहेबांनी त्याला सांगितलं, की असल्या निवडुंगाचं बी त्यांनी जर्मनीहून टपालानं मागवलंय. उन्हाळ्यात ते करपतं, पावसाळ्यात कुजतं. राहिले थंडीचे चार महिने. तेवढ्यात घरात ऊब देऊन रोपं जगवायची, आणि ते काही त्यांच्या माळ्याला दोन हिवाळ्यांत साधलेलं नाही.

महिपतीला नवल वाटलं. सणसरला त्याच्या घरामागंच निवडुंगाचं रान होतं. कुठल्याशा किड्यानं अलीकडं ते वाळत चाललं होतं, आणि सगळा गाव त्या किड्याला दुवा देत होता. असलं झाड कुणी बी पेरून वाढवतं, हेच त्याला पटेना. तो म्हणाला, चिमूटभर बी द्या, मी जगवून दावतो.

बापूसाहेबांनी चिमटा खाली ठेवला. "महिपती, तुझी सारी हयात दारं बंद करण्यात गेली. तुझ्या हातनं वाळलेलं मी पुष्कळ पाहिलंय. उगवलेलं एकसुद्धा नाही."

हे मात्र काट्यांहून खोल गेलं, कारण ते खरं होतं. पाटकरी म्हणजे कालव्याच्या चारीवरची, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या फाट्यावरची, दारं उघडून शेतकऱ्यांना पाळीनं पाणी देणारा माणूस. ज्याचा अर्ज मंजूर, त्याला पास. ज्याच्याकडं पास, त्याला पाणी. महिपती या नियमाला इतका चिकटून होता, की पाण्यावाचून माना टाकलेल्या उसाशेजारी उभं राहून तो मालकाला पासवरची तारीख वाचून दाखवी. त्याची स्वतःची गुंठाभरही जमीन नव्हती. अंगणात एक तुळस होती, तीही बायकोनं लावलेली. साठ वर्षांच्या आयुष्यात आपल्या हातानं काही म्हणजे काही उगवलेलं नाही, हे त्याला त्या दिवशी इंदापुरात पहिल्यांदा कळलं.

माघात बारामतीला शेतमालाचं प्रदर्शन भरायचं होतं आणि बापूसाहेब तिथं परीक्षक होते. तिथं एक जिवंत रोप आणून दाखव, असं म्हणून त्यांनी कागदाच्या पुडीत मोजून चाळीस बिया दिल्या. खसखशीपेक्षा जराशा मोठ्या. महिपतीनं पुडी पागोट्यात खोवली आणि वाटेत शिंक आली तरी दाबून धरली.

घरी भामाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. गावानं जे उपटायला पिढ्या घातल्या ते आपल्या घरात पेरायचं, एवढाच त्यातला मुद्दा तिनं उचलला. पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं दिवाळीच्या जुन्या पणत्या काढून दिल्या. उथळ, भाजक्या मातीच्या आणि पाणी शोषणाऱ्या त्या पणत्यांहून चांगल्या कुंड्या बापूसाहेबांकडंही नव्हत्या. महिपतीनं नदीची वाळू चाळली, विटेची भुकटी केली, थोडं कुजलेलं शेणखत मिसळलं आणि किडे मरावेत म्हणून ते सगळं तव्यावर भाजायला घेतलं. भामाबाई थोडा वेळ बघत राहिली, मग तिनं गंभीरपणे विचारलं, "वरनं खोबरं किसून टाकू का?"

निम्म्या बिया पेरल्या. बारामतीत रसूलभाईंचं कंदिलाच्या काचांचं दुकान होतं. त्यांनी टवके उडालेले काचेचे पेले फुकट दिले, ते पणत्यांवर उपडे घातले. चुलीजवळच्या फळीवर ऊब होती. दहाव्या दिवशी वाळूत हिरवे मणी दिसले. चौदा होते. महिपतीनं ते आधी स्वतः मोजले, मग भामाबाईकडून मोजून घेतले, मग रस्त्यानं जाणाऱ्या टपालवाल्याला आत बोलावून मोजायला लावले.

आणि इथं विपरीत घडलं. जन्मभर लोकांना पाणी नाही म्हणणाऱ्या या माणसाला त्या चौदा मण्यांना नाही म्हणवेना. एकतीस वर्षं शेतकरी हात जोडत, तेव्हा तो विरघळला नाही. हे मणी तर काही मागतही नव्हते, तरी तो सकाळी पाणी देई, दुपारी ऊन लागलं म्हणून देई, संध्याकाळी दुपारचं पुरलं नसेल म्हणून देई. कालव्याच्या मुलखातला माणूस. पाण्यानं पिकाचं भलंच होतं, अशी इथं सगळ्यांचीच श्रद्धा. पंधरवड्यात चौदाच्या चौदा मणी पिवळे पडले, मऊ झाले आणि पाणी होऊन वाळूत मिसळले.

ही बातमी जोतीरामनं गावभर केली. जोतीराम फ्लॉवर पिकवायचा, आणि महिपतीनं सगळ्यांत जास्त वेळा दार लावलं ते त्याच्याच शेतावरचं. तो मुद्दाम भेटायला आला, दुखवट्याला आल्यासारखा ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, माझा फ्लॉवर वाळवलासा आन् निवडुंग बुडवलासा. आता उरलंय काय, तेवढं सांगा."

महिपतीनं दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी उरलेल्या वीस बिया पेरल्या. त्यांतून अकरा उगवल्या. अकरावा मणी दिसला त्या सकाळी तो पाण्याचा तांब्या घेऊन फळीकडं निघाला, तोच भामाबाई आडवी आली.

"ह्यांचा पास कुठाय?" तिनं विचारलं.

महिपती थबकला.

"अर्ज केलाय का ह्यांनी? मंजूर झालाय? तारीख काय हाय? जोतीरामाचा पास एक दिस उलटला हुता तर फिरीवलासा त्याला. मग हे काय तुमचं जावाय लागत्यात?"

महिपतीनं तांब्या खाली ठेवला. नोकरीतली एकतीस वर्षं एकदम त्याच्या अंगात परत आली. त्यानं पाठ ताठ केली, जुना खाकी कोट काढला, अंगात घातला, आणि त्या दिवसापासून फळीपुढं तो बाप म्हणून गेलाच नाही. पाटकरी म्हणून गेला. चौदा दिवसांची पाळी ठरली. पाळीच्या दिवशी पणती ताटलीतल्या पाण्यात ठेवायची, वाळू खालून ओली होत वरपर्यंत काळी पडली की लगेच उचलायची. मधल्या दिवसांत काही झालं तरी थेंब नाही. रोपं सुकल्यासारखी दिसली की त्याचा जीव तुटे. मग तो त्यांना कडक आवाजात नियम वाचून दाखवी आणि अंगणात जाऊन डोळे पुसून येई.

पौषात गारठा असा पडला, की भाजीच्या वाफ्यांवर सकाळी पांढरं दिसू लागलं. महिपतीनं चुलीचा ताबा घेतला. फळीखाली दिवसभर निखारा हवा, पण धूर नको. मिरचीची फोडणी घरात द्यायची नाही, ती शेजारच्या चंद्राबाईच्या चुलीवर द्यायची. दुपारी दोन तास पणत्या उन्हाच्या भिंतीला, ऊन कलायच्या आत फळीवर. दोन रोपं तरीही गेली. उरली नऊ. भामाबाई स्वतः दोन घोंगड्या असताना एकीत झोपू लागली, कारण दुसरी फळीला बांधलेली होती.

माघात प्रदर्शनाचा दिवस उजाडला, तेव्हा एकेक रोप मटकीच्या दाण्याएवढं झालं होतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा एक बारीक, म्हातारा झुपका होता. महिपतीनं पाटीत भुसा घालून वर पणत्या मांडल्या. बारामतीला जायला गाडी जोतीरामाचीच होती. त्याच्या फ्लॉवरच्या गड्ड्यांनी ती भरली होती आणि त्यानं आबांना आग्रहानं चढवून घेतलं. आबांची फजिती डोळ्यांनी बघायची संधी त्याला सोडायची नव्हती.

मांडवात बारा-बारा हात ऊस उभा होता, भोपळ्यांना दोन गडी लागत होते. त्या सगळ्यात महिपतीनं आपल्या नऊ पणत्या मांडल्या. कारकुनाला त्यांत आधी काही दिसेचना. रिकाम्या पणत्या इथं नका ठेवू, असं तो दोनदा सांगून गेला. आजूबाजूला माणसं जमली, जोतीराम पुढं उभा राहिला, आणि हशा सुरू झाला.

बापूसाहेब आले. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, मग खिशातून भिंग काढून पुन्हा वाकले. एका पणतीवरून दुसरीवर, अशा नऊही पाहिल्या. महिपतीनं खाकी कोटाची बटणं एकेक करून लावली.

साहेब सरळ झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या माळ्यानं याच पाकिटातल्या दीडशे बिया पेरल्या. एक राहिली नाही." मग त्यांनी स्वतःचं पागोटं काढलं आणि आपल्या जुन्या पाटकऱ्याच्या डोईवर ठेवलं. "महिपती, माझा शब्द मी मागं घेतो. उगवलं बाबा तुझ्या हातनं."

पुढचा तासभर मांडवात ऊस आणि भोपळे कुणी पाहिले नाहीत. भिंगातून म्हातारी बाळं बघायला माणसांची झुंबड उडाली. महिपती खाकी कोटात पणत्यांसमोर उभा राहिला आणि त्यानं शेतकऱ्यांना शेताच्या बांधावर लावी तशी शिस्त लावली. एकामागं एक, पाळीनं. मध्ये घुसेल त्याला दिसणार नाही. जोतीराम तीन वेळा पाळी लावून आला. तिसऱ्या वेळी तो भिंगावरून डोळा न काढता म्हणाला, "आबा, तुमी पाणी देत न्हाय ते बरंच करता म्हनायचं." महिपतीच्या कामाला एकतीस वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी.

पहिला नंबर, शेला, श्रीफळ आणि लाल फीत मिळाली. परतीच्या गाडीत जोतीरामनं आपले गड्डे बाजूला सारून पाटीला मधली जागा दिली. सणसरच्या वेशीत हलगी वाजली. ज्यांनी उभी हयात त्या माणसाला शिव्या दिल्या, त्यांनीच त्याच्यावर गुलाल उधळला, आणि भामाबाईनं दारात आधी पणत्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग नवऱ्यावरून.

आषाढात आठ दिवस झड लागली, त्यात आठ रोपं कुजली. नववं शेळीनं खाल्लं.