फरशीखालचं गोडं पाणी

तेव्हा बहारीनच्या नळाला मचूळ पाणी यायचं. चहाचा घोट घेतला की तोंड वाकडं! ऐंशीच्या सुमारास मनामाच्या कडेला, समुद्रात भर घालून उभ्या केलेल्या नव्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहायला गेलो. हॉलच्या एका फरशीच्या सांधीतून पाणी पाझरत होतं. मी सहज बोट लावून चाखलं, तर गोडं! रत्नागिरीच्या आमच्या विहिरीसारखं.

"पाइप फुटला असेल," हे म्हणाले. प्लंबरने सगळे नळ बंद करून पाहिले, तरी पाणी येतच राहिलं. आता घरात आपल्या पायांनी आलेलं पाणी काय फडक्याने पुसायचं? मी फरशीला हळदकुंकू वाहिलं, खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "एसीत बसून विहीर पुजणारी बाई पहिल्यांदाच बघतोय," म्हणून हे हसले. हसोत बापडे. चार वर्षांच्या लेकीलाही मी शिकवलं, खाऊ खाण्याआधी तिथे एक कण ठेवायचा.

एके दुपारी दारात काळ्या पायघोळ अबायातली, अरबी बुरख्यातली म्हातारी उभी. पलीकडच्या जुन्या वस्तीतली, आमच्या फरशीतल्या पाण्याची बातमी ऐकून आलेली. तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. तिने सांगितलं ते असं, की इथे पूर्वी समुद्र होता आणि तळाला गोड्या पाण्याचा झरा होता. तिचा मुलगा चामड्याची पिशवी घेऊन बुडी मारायचा आणि झऱ्याचं पाणी भरून आणायचा. एकदा भरलेली पिशवी वर आली. तो आला नाही.

तिने फरशीला कान लावला. मग मला खूण केली, एसी बंद कर. मी केला. खालून आवाज आला. बुडबुड, मग शांत, पुन्हा बुडबुड. घागर भरताना होतो तसा.

"भरता है," ती म्हणाली आणि हसली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

रोज दुपारी ती यायची. तेवढा वेळ एसी बंद. घामाने जीव नकोसा व्हायचा, पण तिला नाही म्हणवेना. मीही आईच ना! घरमालकाचा माणूस आला, भिंतीला ओल चढतेय, खाली सिमेंट भरू म्हणाला. म्हातारीने माझे हात घट्ट धरले. मी त्याला दारातूनच पिटाळलं. पुन्हा आला, पुन्हा पिटाळलं. हात लावून दाखव म्हटलं!

मग ती दुपार. म्हातारी आली तेव्हा माझी लेक आधीच फरशीला कान लावून पालथी पडली होती आणि खुदखुदत होती.

"थांब हं," ती फरशीला म्हणाली, "आईला विचारून येते." मग माझ्याकडे वळली. "आई, मी जाऊ? तो एकटाच आहे."

म्हातारीला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण तिने विचारलं, "बुलाया?" मी मानेनेच हो म्हटलं.

तिने पोरीला झटकन उचलून माझ्या कडेवर दिलं. मग गुडघ्यांवर बसून फरशीवर फाडफाड थापट्या मारल्या. अरबीत ती रागे भरत होती, उनाड पोराला आई रागावते तशी. रागावता रागावता तिचा आवाज फाटला, आणि त्याच हाताने ती फरशी कुरवाळायला लागली.

"कल सिमेंट लाओ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. ती भिंतीला टेकून बसली होती. फरशी उखडली, खड्ड्यात पाणी चमकलं, त्यावर पहिलं घमेलं पडलं. खालून बुडबुड सुरू झाली, या वेळी न थांबता, घाईघाईने. गवंडीही दचकला. मला रडू आवरेना. लेकीला मी पोटाशी घट्ट धरलं होतं.

म्हातारीने दोन्ही कान हातांनी झाकले.

"एसी चालू करो," ती म्हणाली. "जोर से."