हवं ते खाऊ द्या

पोटाच्या ऑपरेशनात त्या डॉक्टरांचा हात कुणी धरला नसता, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. वॉर्डात सगळे त्यांना 'तार डॉक्टर' म्हणत. तारेत शब्दाला पैसे पडायचे, तसे हे शब्द मोजून टाकायचे. ते शिकत असताना कॉलेजात होऊ घातलेल्या डॉक्टरांना साहित्य शिकवायला एक बाई येत. "आपलं वाक्य पेशंटच्या खाटेवर पडून ऐका," असं सांगत. हे महाशय मागच्या बाकावर खुशाल डुलक्या काढत. कवितेने टाके घालता येतात का, हा त्यांचा बिनतोड सवाल!

त्या सकाळी त्यांनी वॉर्डातल्या शिंपीकाकांची ऑपरेशनची जखम पाहिली. झकास भरत आली होती. काकूंना म्हणाले, "घरी न्या. हवं ते खाऊ द्या."

काकांनी हळूच विचारलं, "किती दिवस, डॉक्टर?"

टाक्यांचं विचारताहेत असं समजून हे म्हणाले, "आठवडा," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दुपारी सिस्टर धावत आली. "सर, शिंपीकाका गोळ्या घेत नाहीयेत. सगळं गणगोत जमलंय."

डॉक्टर गेले आणि दारातच थबकले. लेक पायाशी बसून हुंदके देत होती. कित्येक वर्षं अबोला धरलेला धाकटा भाऊ "दादा, चुकलो रे" म्हणत होता. काका जावयाला शिलाई मशीन कुणाला द्यायचं ते समजावत होते.

डॉक्टर खाटेपाशी धावले. "अहो, हे काय चाललंय? तुम्ही बरे झालात!"

"राहू द्या, डॉक्टर. खोटा धीर नको."

डॉक्टर स्टूल ओढून बसले, तर काकूंचा धीर आणखीच सुटला. हा माणूस कुणाच्याही खाटेपाशी कधी टेकलेला नव्हता.

"शपथेवर सांगतो, ठणठणीत आहेत हे!"

"मग सकाळी तसं का बोललात?" काकू उसळल्या. "माझ्या सासऱ्यांच्या वेळी डॉक्टर हेच म्हणाले होते, 'घरी न्या, हवं ते खाऊ द्या.' चार दिवसांत गेले ते!"

"अहो, बरं झालं की मी सगळ्यांनाच असं सांग..."

सगळ्यांनाच! इतकी वर्षं! डॉक्टरांच्या हातून बरी झालेली किती माणसं इथून मरायला म्हणून घरी गेली असतील, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटला.