काकाजींभोवतीची तुटक रेघ

आधी चहा घ्या. माझ्या हातून झालेला एक घोळ आज सांगूनच टाकतो, नाहीतरी इतवारी बाजारातल्या निम्म्या दुकानांना तो तोंडपाठ आहे. लोक सासरवाडीत मानपानावरून भांडणं लावतात. कोणी जमिनीवरून लावतं, कोणी लग्नातल्या अंगठीवरून. मी एक चौकोन काढून लावलं.

मी नागपुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि सोबत पीएचडी करून राहिलो आहे. विषय सांगितला की लोक उठून जातात, म्हणून सोपं करून सांगतो. एखाद्या दुकानासाठी सॉफ्टवेअर बनवायचं असलं की आधी त्या दुकानाचं चित्र काढावं लागतं. कोण काय करतं, माल कुठून येतो, कुठे जातो, कोणाचं कोणावाचून अडतं. चौकोन, गोल, बाण. हे काढायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. पण त्यांत इतकी चिन्हं, की ज्याचं दुकान आहे त्यालाच आपलं दुकान ओळखू येत नाही. मी ठरवलं, आपण नवी चित्रभाषा काढायची. कोणालाही न शिकवता वाचता येईल अशी.

माझ्या गाईड मॅडम भारी शंकेखोर. कोणी 'आज ऊन आहे' म्हटलं तरी खिडकीत जाऊन बघून येतील. माझी चिन्हं बघून त्या म्हणाल्या, "तुम्हाला सोपी वाटतात, कारण तुम्हीच काढलीत. ज्याचं चित्र आहे त्याच्यासमोर लावा. अर्थ कोणाला सांगू नका. काही दिवस बघू द्या, मग विचारा काय कळलं."

आता दुकान कुठून आणायचं? सासऱ्यांचं होतं ना. इतवारीत कापडाचं दुकान, दोघा भावांचं. थोरले माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणतो. ते गादीवर बसतात. धाकटे माझ्या बायकोचे काका, म्हणजे काकाजी. खरेदी सगळी त्यांच्याकडे. उमरेडचे विणकर, बाहेरगावचे व्यापारी, अर्धा महिना माणूस फिरतीवर. दोघांत कधी आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. मामाजींना तसंही बिलं कॉम्प्युटरवर घ्यायची होती. म्हणाले, "या जवाईबापू, काढा काय चित्र काढायचं ते."

मी मन लावून चित्र काढलं. प्रत्येक माणसाला एक चौकोन. जो रोज दुकानात असतो त्याच्या चौकोनाला जाड सलग रेघ. जो कधी असतो, कधी नसतो, त्याला तुटक रेघ. मामाजींना जाड, काकाजींना तुटक. यात काही चुकलं का? तुम्हीच सांगा. आणि तो मोठा कागद मी गादीच्या मागे, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला.

संध्याकाळी काकाजी त्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"जवाईबापू, हा मीच का?"

"हो, काकाजी."

"अन् ही माह्या भोवतालची रेघ?"

"ते आत्ता नाही सांगता येत."

"काहून?"

"आधीच सांगितलं तर निकाल बिघडतो."

"कशाचा निकाल?"

"कळेलच काकाजी. एक दिवस सगळ्यांना बसवून विचारायचंच आहे."

काकाजी "बरं" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. मी मनात म्हटलं, किती समजूतदार माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना उमरेडला जायचं होतं. गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फिरतीवरचा माणूस दिवसभर दुकानात, तेही मामाजींच्या बरोबर समोर स्टूल टाकून. मी विचारलं, माल कोणाकोणाकडून येतो? म्हणाले, "तुमच्या सासऱ्याले विचारा." मी म्हटलं, गोदाम बघू का? म्हणाले, "चावी सापडून नाही राहिली." चावी त्यांच्या कमरेला होती. मला दिसत होती.

आता मीही काही भोळा नाही. माणूस फिरतीवर जायचा बंद होतो, गोदाम दाखवत नाही, चावी लपवतो. काहीतरी गडबड आहे, हे कोणालाही कळेल. मी घरी येऊन रोज विचार करायचो. मालात घोळ आहे की हिशेबात? एकदा तर ते जेवायला घरी निघाले तेव्हा मी गल्लीच्या टोकापर्यंत मागे गेलो. ते जेवायलाच गेले. तेही मला संशयास्पद वाटलं.

माझ्या चित्रभाषेत एक खूण होती. ज्याच्याकडून पुरी माहिती मिळाली नाही, त्याच्या चौकोनावर लाल ठिपका. लाल पेन जवळ नव्हता, म्हणून बायकोच्या पाकिटातली एक लाल टिकली काढून मी काकाजींच्या चौकोनावर चिकटवली. शास्त्रशुद्ध काम. त्या दुकानात डाग लागलेल्या कापडाच्या थानावर लाल टिकली लावून ते बाजूला काढून ठेवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं ते चावी लपवून बसले होते.

मग एक दिवस मामाजींनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम खाली. "जवाईबापू, लहाना तुमच्याशी काही बोलला का?"

अभ्यासाचा नियम असा, की एकानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. मी म्हटलं, "मामाजी, ते मी तुम्हाला नाही सांगू शकत."

मामाजींचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून जेवायला उठतानाही ते गल्ल्याला कुलूप घालू लागले. काकाजींनी ते कुलूप पाहिलं. मामाजींनी काकाजींना कुलूप पाहताना पाहिलं. मी दोघांना पाहिलं आणि मनात म्हटलं, मामाजींनाही काकाजींचा संशय आला वाटतं. म्हणजे आपलं बरोबर होतं.

समोरचे दुकानदार एकेक करून चहाच्या निमित्तानं येऊ लागले. चहा प्यायचे, मान वर करून कागद बघायचे, काकाजींकडे बघायचे, आणि "चालू द्या" म्हणून निघून जायचे. माझी छाती फुगत होती. अख्खा बाजार आपलं चित्र वाचून राहिला, याहून संशोधकाला काय पाहिजे?

घरी मात्र बायको, वैशाली, माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागली. एका सकाळी पोहे समोर ठेवले आणि उभीच राहिली.

"खरं सांगा. बाबांनी तुम्हाले काय द्यायचं कबूल केलं?"

"कशाबद्दल?"

"दुकानाबद्दल. काकूचा फोन होता. रडून राहिली होती ती. काकांना जेवण जात नाही म्हणे. सगळी इतवारी म्हणून राहिली, जवाई वाटणी करून राहिला."

"मी? अगं, तुझे काकाच काहीतरी लपवून राहिले. वाटणीची आवई त्यांनीच उठवली असेल."

वैशालीनं माझ्यासमोरची पोह्यांची प्लेट उचलून नेली. त्यानंतर तिनं मला डबा दिला नाही. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये जेवायचो आणि काकाजींवर आणखी संशय घ्यायचो.

शेवटी तपासणीचा दिवस आला. दुकान बंद असतं त्या दिवशी मी सगळ्यांना मामाजींच्या घरी बोलावलं. कागद तिथे आणून भिंतीला लावला. मामाजी एका टोकाला, काकाजी दुसऱ्या टोकाला, मध्ये काकू आणि सासूबाई मान खाली घालून. काकाजींसोबत काळ्या पँटमधले एक गृहस्थ होते.

"हे माहे साडू," काकाजी म्हणाले. "वकील आहेत. असेच आले."

मला आनंद झाला. मी मनात म्हटलं, बाहेरचा एक माणूसही मिळाला, तपासणी आणखी चांगली होईल. मी उभा राहिलो आणि पहिला प्रश्न विचारला. "काकाजी, ही तुटक रेघ पाहून तुम्हाला काय वाटतं? मनात येईल ते सांगा."

काकाजी उठले. कागदाजवळ गेले.

"आम्ही कापडवाले आहो, जवाईबापू. थानावर खडूनं अशी रेघ मारली का तिथून कैची चालवायची असते. मले कुठून कापायचं ते तुम्ही भिंतीवर लावलं. गिऱ्हाईकासमोर. वरून डागी मालाची टिकली लावली. दादाले हिस्सा तोडायचा होता तर मले तोंडानं म्हणायचं. जवायाकडून कायले चित्र काढवायचं?"

मामाजी ताडकन उभे राहिले. "मी तोडून राहिलो? तू गावाले जाणं बंद केलं, समोर स्टूल टाकून माह्या गल्ल्यावर नजर ठेवली, अन् मी तोडून राहिलो? मले वाटलं ते चित्र तूच काढवून घेतलं."

"मग मले विचारलं काहून नाही?"

"तू काहून नाही विचारलं?"

दोघंही एकदम माझ्याकडे वळले. काकाजी म्हणाले, "जवाई आहे. जवायाले कसं विचारायचं?"

मी घाईघाईनं मधे पडलो. म्हटलं, "थांबा, सगळा गैरसमज आहे. तुटक रेघेचा अर्थ कापणं नाहीच. तिचा अर्थ एवढाच, की हा माणूस नसला तरी दुकान चालतं."

वकीलसाहेबांनी हातातला कप हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "हेच वाक्य जरा लिहून द्याल का?"

काकूंनी पदर डोळ्याला लावला. वैशालीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिथल्या तिथे कँटीनच्या जेवणाची आयुष्यभराची सोय दिसली. मी म्हणून राहिलो होतो, "म्हणजे गावाला गेले असताना, तेवढ्यापुरतं," पण ऐकतं कोण?

मामाजी मात्र ऐकत होते. ते खाली बसले आणि माझ्याशी नाही, भावाशी बोलले. "तू गावाले गेला का मी रोज तुले फोन करतो ना गा? कायले करतो? तू भाव सांगतल्याशिवाय मी गठ्ठा खोलतो का कधी? बसलो राहतो तसाच." मग माझ्याकडे बोट केलं. "हा फोन कुठं आहे तुमच्या चित्रात?"

नव्हता. चौकोन होते, बाण होते, मालाची गोदामापर्यंतची वाट होती. एक भाऊ दुसऱ्याच्या फोनची वाट बघत बसतो, यासाठी मी चिन्हच केलं नव्हतं.

काकाजींनी कमरेची चावी काढून मामाजींच्या हातात दिली. मामाजींनी ती परत दिली. ती दोन-तीनदा इकडून तिकडे गेली, शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ठेवा कुठंतरी, अन् जेवाले बसा." वकीलसाहेबही जेवले. मला मात्र सगळ्यात शेवटी वाढलं. जवाई असून.

दुसऱ्या दिवशी काकाजी उमरेडला गेले. मी मॅडमकडे गेलो आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. विचारलं, "म्हणजे न शिकवता सगळ्यांना एकच अर्थ कळला?"

"हो. कापणे."

"बाजारातल्या लोकांनाही?"

"त्यांनाही."

"मग रेघ उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमचा अर्थ चुकला आहे. तो बदला."

मी अर्थ नाही बदलला, रेघ बदलली. घरी हळूहळू माझा डबाही सुरू झाला. इतवारीला मात्र भावांचा समेट कोणी कळवला नाही, आणि कळवला तरी अशी बातमी तिथे चालत नाही. परवा जेवताना अनोळखी नंबरवरून फोन आला. भांड्यांचे व्यापारी होते कोणी, इतवारीतलेच.

"तुम्हीच का ते वाटणीचं चित्र काढणारे सर?"

मी म्हटलं, मी वाटणीचं चित्र काढत नाही. मी माहितीप्रणालीसाठी चित्रभाषा तयार करतो.

"हो हो, तेच. आमच्या घरी तोंडानं विषय निघून नाही राहिला, सर. मोठ्याले कोण म्हणणार? तुम्ही एक कागद लावून द्या, बाकी आपोआप होते. तुमचं काम पक्कं आहे म्हणतात."

समोर वैशाली हातातला घास थांबवून माझ्याकडे बघत होती. फोन ठेवायला हवा होता, मला कळत होतं. पण इतकी वर्षं या कामात घालवल्यावर तुमच्याकडे आपणहून कोणी येतं, ते पहिल्यांदाच, तर काय करणार?

मी जरा तोंड फिरवलं आणि विचारलं, "किती भाऊ आहात?"