धातूला कुंकू

सासरे गेल्यावर सासूबाई पुण्याहून आमच्याकडे कोलकात्याला आल्या, त्या दुखरे गुडघे घेऊनच. कुंकू त्यांनी आपणहून सोडलं होतं. आम्ही कोणी तसं म्हटलं नव्हतं. गुडघ्यांसाठी मी त्यांना सियालदहजवळच्या एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे नेऊ लागले. बाईंच्या तीन पिढ्या याच शहरात गेलेल्या. त्या सुया टोचायच्या, सासूबाई मराठीत त्यांचा उद्धार करायच्या, आणि तेवढं मी भाषांतरातून गाळायचे.

मी चित्रं काढते हे कळल्यावर बाईंनी दवाखान्याच्या भिंतीसाठी पंचतत्त्वांचं चित्र मागितलं. आपली पंचमहाभूतं नव्हेत, त्यांची: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. कडेने गोल बाण पोसण्याचे; लाकूड अग्नीला पोसतं, अग्नीच्या राखेची माती होते. आत चांदणीसारखे बाण दाबण्याचे. पाणी अग्नीला विझवतं, अग्नी धातूला वितळवतो. प्रत्येकाचा रंग ठरलेला, अवयवही. धातू पांढरा, आणि त्याच्याकडे फुप्फुसं.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांमागे फिरताना माझं असं कुठल्याच गावात काही उरलं नव्हतं. इथे एका भिंतीवर, कोपऱ्यात का होईना, माझी सही राहणार होती. मला ती हावरटासारखी हवी होती.

आमच्या बालीगंजच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल चित्राने अडलं. सासूबाई ताट मांडीवर घेऊन जेवायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, सुनेने घरात चिनी देव बसवलेत. मी कानाडोळा केला. फुप्फुसांसाठी कागद कोराच ठेवला आणि करड्या रेघांनी ती उठवली. अख्ख्या चित्रात तीच मला खरी साधली होती.

न्यायच्या दिवशी आंघोळ करून आले, तर फुप्फुसांवर ओल्या कुंकवाची बोटं उमटलेली, खाली ओघळलेली. नवी वस्तू घराबाहेर पडायची तर कुंकू लावायला नको का, सासूबाई म्हणाल्या. आपल्याकडे स्कूटरला लावतात, फ्रिजला लावतात. याला कोणी नावं ठेवू शकत नाही. पण अग्नी लालच होता. तिथे बोटं दिसलीही नसती. त्यांनी पांढरं शोधलं.

पुसायला गेले तर कागद गुलाबी झाला. तसंच घेऊन गेले. बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, त्यांच्याकडे खोकल्याचे पेशंट येतात, रक्ताळलेली फुप्फुसं कशी टांगायची. मी दुसरं काढून देते म्हटलं. त्यावर त्यांनी टेबलाखालून छापील तक्ता काढला. औषधाच्या कंपनीने फुकट दिला होता. तोच लावते म्हणाल्या, उगाच तुम्हाला त्रास नको.

घरी आले तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. माझ्या हातातलं चित्र पाहून त्यांचा चेहरा खुलला, तो मी पाहिला.

"नाही घेतलं? मोकळ्या कपाळाने वस्तू बाहेर पाठवू नये, म्हणून मी आपलं माझ्याकडून केलं."

"मग स्वतःच्या कपाळाला लावा ना, आई. ते कधीचं मोकळं आहे."

त्यांचे हात शेंगांवर थांबले. मग त्यांनी पदराच्या टोकाने कपाळ पुसलं, सावकाश, दोनदा. तिथे पुसायला काही नव्हतं.

मला फार बरं वाटलं.