इलाहीची बाजू

दुपारची जेवणं आटोपलीत. सदानंद पट्टणशेट्टी उजव्या खांद्याखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर आडवा झालाय. डोळे मिटू लागलेत, पण पुरते मिटत नाहीत. स्वयंपाकघरात त्याची बायको शैलजा भांडी लावतेय. वाटीवर वाटी बसल्याचा आवाज आधी जवळून येतो, मग शेजारच्या घरातून, मग कुठून तरी लांबून, नदीपलीकडून आल्यासारखा.

झोप दाराशी आलीय तरी त्याचं मन एकाच गोष्टीभोवती घुटमळतंय. आज संध्याकाळी क्लबात जायचं आणि सांगून टाकायचं, बस्स, माझं बॅडमिंटन संपलं. मिरजेच्या त्या क्लबात तो मिसरूड फुटल्यापासून खेळतोय. पण हा खांदा! इंजेक्शन घेतलं की काही दिवस गप्प बसतो, आणि चार स्मॅश मारले की पुन्हा ठणकायला लागतो. शेक झाला, तेल झालं, पट्टा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून लेपसुद्धा झाला. शेवटी शैलजानं त्याला फिजिओथेरपीसाठी अपूर्वा निंबाळकर नावाच्या एका तरुण डॉक्टरकडे नेलं. यानं शर्ट काढून खांदा पुढे केला, तर ती म्हणाली, "काका, जरा चालून दाखवा." मग म्हणाली, उकिडवे बसा. मग एका पायावर उभे राहा. मग कमरेतून वळून मागची खिडकी बघा. आणि निदान काय, तर म्हणे तुमचे घोटे आखडलेत, कंबर वळत नाही, सगळ्या अंगाचं काम एकटा खांदा करतोय. आधी पायांचे व्यायाम सुरू करू. सदानंद तिथून जो उठला तो थेट घरी आला. "दाखवला खांदा आणि ही बघतेय टाचा," तो शैलजावर खेकसला. "उद्या दाढ दुखली तर गुडघ्यात सिमेंट भरेल!"

"पिशवी सरकली बघ," कुणीतरी म्हणतं.

सदानंद पिशवी नीट करतो. मग त्याच्या लक्षात येतं, हा आवाज शैलजाचा नाही.

पलंगाच्या पायथ्याशी इलाही बागवान बसलाय. क्लबातला त्याचा जोडीदार. दुहेरीत सदानंद उजवीकडे, इलाही डावीकडे, अशी दोघांची उभी हयात गेली. बाजारात इलाहीचा केळ्यांचा मोठा धंदा होता. मागच्या थंडीत तो बसल्या जागी छाती धरून गेला. सदानंदनं त्याच्या जनाज्याला खांदा दिलाय, आणि नेमका हाच. आता तो पांढरी हाफ पँट घालून, मांडीवर रॅकेट ठेवून, जावई आल्यासारखा ऐसपैस बसलाय.

"इलाही, तू गेलायस ना?"

"गेलोय की. म्हणून काय भेटायचं बी न्हाई?"

"बरा आहेस?"

"एकदम झकास. गुडघं हितंच राहिलं, त्यो एक आराम झाला बघ." इलाही उठतो. "चल, ऊठ."

"खांदा दुखतोय रे."

"खांद्यानं उठतोस व्हय तू? पायानं ऊठ."

सदानंद पिशवी बाजूला करतो. तो पाय खाली सोडतो, आणि पाय टेकतात ते इलाहीच्या केळी पिकवायच्या खोलीत. गार फरशी, पिवळा दिवा, छतापर्यंत टांगलेले घड.

"इलाही, ही खोली..."

"हळू बोल. पिकतायत."

सदानंद आवाज खाली आणतो. केळीही जरा कुशीवर वळल्यासारखी वाटतात.

"त्यो कोपऱ्यातला घड उचल बघू," इलाही कुजबुजतो.

सदानंद आहे तिथूनच हात लांब करून घड ओढतो. खांद्यातून कळ जाते ती थेट कानशिलापर्यंत. "आई गं!" तो ओरडतो, आणि वरच्या रांगेतलं एक केळं खिदळतं.

"लांबनं हात काय घालतोस? चोर हाईस का?" इलाही त्याला दंडाला धरून घडापाशी नेतो. "जवळ जा. टाचा टेक. वाक आता गुडघ्यात. कंबर वळव. हात सगळ्यात शेवटी. हाताला घाई कशाची हाय?"

सदानंद वाकतो. घोट्यांत काहीतरी करकरतं, गंजलेली कडी सरकावी तसं. मग भार तळव्यांतून पोटऱ्यांत चढतो, मांड्यांत येतो, पाठीतून वर सरकतो, आणि खांद्यापाशी पोचेपर्यंत घडाचं ओझं मूठभर अक्षतांएवढं उरतं. कळ येत नाही. तो कळीची वाट बघत उभा राहतो, तरी येत नाही.

"अरे, ती पोरगी हेच सांगत होती," तो म्हणतो.

"कंची पोरगी?"

"डॉक्टर आहे ती. निंबाळकर."

"मग ऐकलं का न्हाईस?"

"मी खांदा दाखवायला गेलो होतो!"

इलाही त्याच्याकडे बघतो. हिरवा घड घेऊन जाऊन आज संध्याकाळीच शिकरण करायची म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो असाच बघायचा.

सदानंदच्या हातातला घड आता मऊ लागतो. बघतो तर ती इरकली साड्यांची चळत आहे, आणि तो स्वतःच्या कापडदुकानात गादीवर मांडी घालून बसलाय. समोर गिऱ्हाईक म्हणून इलाहीच.

"ती निळी दाखव."

सदानंद बूड न हलवता मागच्या फळीवर हात टाकतो.

"ती न्हवं, त्येच्या वरची."

तो आणखी ताणतो. मान वाकडी होते, बगल उघडी पडते, बोटं साडीच्या घडीला जेमतेम लागतात. खांदा बोंबलतो.

"बघ," इलाही म्हणतो. "दुकानात हात. घरात पंख्याचं बटण दाबायला हात. कोर्टावर बी नुसता हात. बाकीचं अंग काय भाड्यानं दिलंयस?"

"या वयात मी गादीवरून उड्या मारू?"

"उड्या कोण म्हणतंय? ऊठ म्हणतोय मी. उठायला वय लागत न्हाई."

सदानंद चिडून उठतो आणि वळतो. साड्यांच्या फळीच्या जागी जाळी ताणलेली आहे. क्लबाचा हॉल. पण हॉल भलताच लांब झालाय, पलीकडचे दोन खेळाडू ठिपक्यांएवढे दिसतात आणि त्यातला एक पाठ करून उभा आहे. तरी सर्व्हिस होते. शटल वर जातं, छताखाली जरा रेंगाळतं आणि डावीकडे, मागच्या रेषेकडे उतरायला लागतं.

सदानंद थांबतो. उजवीकडे, आपल्या जागी, निवांत.

"इलाही!"

इलाही कोर्टाबाहेर बाकावर बसून केळं सोलतोय.

"अरे घे की! तुझ्या बाजूला आलंय!"

"कसा घेऊ? मेलोय की मी."

शटल पडतं. इतक्या हळू, की कापूस पडावा.

"तुला सांगू?" इलाही केळ्याचा घास घेत म्हणतो. "मी गेल्याचं समद्या बाजाराला कळलं. तुझ्या अंगाला तेवढं अजून कळलं न्हाई. डावीकडं शटल आलं की तुझं पाय थांबत्यात. वाट बघत्यात माझी. मी काय येत न्हाई. मग शेवटच्या घटकेला तू हात मागं टाकतोस, उभ्याच्या उभा, खुंटीसारखा. खांदा दुखंल न्हाईतर काय नाचंल?"

सदानंद वाकून शटल उचलतो. रॅकेटची मूठ त्याला एकदम जड वाटते. "तू होतास तेव्हा नाही दुखला कधी," तो म्हणतो.

"मी होतो तवा माझं गुडघं दुखत होतं! तुझ्या वाटचं कोण पळत होतं? माझ्या गुडघ्यांना समद्या क्लबानं औषधं सांगितली, पण तुला कुणी पळ म्हणून सांगितलं न्हाई." आणि इलाही हसतो, तोंडात केळं असताना हसायचा तसाच, गाल फुगवून. "जाऊ दे. मजा आली. पण आता माझी बाजू मोकळी ठेवू नको, लगा. बरं दिसत न्हाई."

पुन्हा सर्व्हिस. शटल पुन्हा डावीकडे. सदानंदचे पाय पुन्हा थांबतात. तो बाकाकडे बघतो. इलाही बघतसुद्धा नाही, केळ्याच्या दोऱ्या काढतोय.

"माझं!" सदानंद ओरडतो. हा शब्द कोर्टावर त्यानं कधी उच्चारलेलाच नाही. नेहमी इलाहीच ओरडायचा. टाच सुटते, दुसरा पाय मागे पडतो, मग पहिला, घोटे कुरकुरत का होईना दुमडतात, कंबर दाराच्या फळीसारखी फिरते, छाती फिरते, आणि तो शटलच्या खाली नाही तर चक्क मागे जाऊन पोचलाय. आता हाताला फक्त मागोमाग यायचंय. खण्ण! असा आवाज त्याच्या रॅकेटनं कैक वर्षांत काढलेला नाही. शटल लांब, त्या ठिपक्यांच्याही पलीकडे जातं.

तो धापा टाकत बाकाकडे वळतो. चेहरा लग्नात हार पडल्यासारखा.

"आऊट," इलाही म्हणतो.

"लाइनवर होतं!"

"आऊट."

"अरे मेल्यावर तरी खरं बोल!"

"मेलेला माणूस खोटं कशाला बोलंल? खेळ."

आणि सदानंद खेळतो. शटल डावीकडे येतं, तो डावीकडे जातो. उजवीकडे येतं, उजवीकडे जातो. पुढे, मागे, पुन्हा मागे. मधेच त्याच्या लक्षात येतं की आपण आपल्या बाजूला आहोत की इलाहीच्या, हे आता कळत नाहीय. तो एकदा बाकाकडे बघतो. बाकावर कुणी नाही. थांबून नीट बघायला हवं असं त्याला वाटतं, पण शटल वरून येतंय, आणि पाय थांबत नाहीत.

"अहो! अहो, उठा!"

शैलजा चहाचा कप घेऊन उभी आहे. चादर जमिनीवर, पिशवी पलंगाखाली, आणि सदानंद पलंगावर आडवा, डोकं पायथ्याकडे.

"झोपेत कुणाशी भांडत होता? लाइनवर, लाइनवर काय?"

"लाइनवर होतं," सदानंद म्हणतो. त्याचा आवाज घोगरा आहे. तो उठून बसतो. मग म्हणतो, "उद्या त्या निंबाळकर डॉक्टरांकडे जाऊ या."

"खांदा जास्त दुखतोय का?"

"खांद्याचं नाही. पायांचे व्यायाम सांगत होत्या ना त्या."

शैलजा कप खाली ठेवते आणि नवऱ्याचं कपाळ चाचपून बघते. ताप नाही.

सदानंद पाय खाली सोडून उभा राहायला जातो आणि "अगं आई गं" करत परत बसतो. पोटऱ्या. दोन्ही पोटऱ्या भरून आल्यात, हात लावू देत नाहीत.

"आता हे काय नवीन?" शैलजा खाली बसते. "जेवून उठलात ते पडलात. पलंगावरून हललासुद्धा नाहीत." ती अंगठ्यानं त्याची डावी पोटरी दाबून बघते. पोटरी दगडासारखी टणक आहे, आणि गरम, नुकत्याच कोर्टावरून आलेल्या माणसाची असते तशी. शैलजा वर त्याच्या तोंडाकडे बघते. अंगठा तिथंच राहतो.