चौथी चौकट

थांबा. आधीच सांगून टाकतो... ह्यात वडाचं झाड न्हाई, अमावस्या न्हाई, पांढऱ्या साडीतली बाई तर बिलकुल न्हाई. तसलं पायजे असंल तर दुसऱ्या कुणाचं तरी वाचा, मला राग न्हाई. माझी वेळ दुपारी पावणेबाराची, जागा उमरी, घरामागचं पत्र्याचं शेड. आणि ज्याचा आवाज आला तो माणूस चांगला जिवंत हाय.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. अहो, लोकांना आवाज काढून घाबरवणारा मीच! शाळेत हेडसरांपासून घंटीपर्यंत सगळ्यांच्या नकला केल्या, मारबी तेवढाच खाल्ला.

ही कला शिकलो बापूकडून. बापू म्हणजे माझे थोरले चुलते. उमरी-नांदेड काळी-पिवळी जीप चालवायचे. जीप भरल्याशिवाय निघत न्हाई अन् आधी बसलेलं शीट, म्हणजे पॅसेंजर, कंटाळून एसटीकडं पळतंय. त्यावर बापूनं एक शक्कल काढली होती. रविवारच्या पेपरात मागच्या पानावर चार चौकटींची चित्रं यायची, जमादार भोपळे अन् त्याची शेळी. बापू ती कापून खळीनं डॅशबोर्डवर चिकटवायचे अन् बसलेल्यांना वाचून दाखवायचे. जमादार घोगरा, शेळी किनरी. तीन चौकटी वाचायचे... अन् गप्प.

"चौथी गाडी भरल्यावर!"

बास. एक शीट हलायचं न्हाई. उलट लोकच रस्त्यावरच्या वळखीच्याला हाका मारायचे, "ये की लवकर, जमादाराचं काय झालं ते कळंना!"

मग पेपरातली चित्रं बंद झाली. जीप म्हातारी झाली. अन् बापूच्या गळ्यात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. आता गळ्याला भोक अन् हातात पाटी-पेन्सिल. बापू लिहितात. पण मोठीआईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचता येत न्हाई. मग घरात जो असंल तो मोठ्यानं वाचतो. दोन वर्सं झाली, नवरा-बायकोत जे काय बोलणं होतं ते असं तिसऱ्याच्या तोंडून.

अन् अशात मी काय केलं? बापूच्या आवाजात रील टाकली. "ए नांदेड नांदेड नांदेड, एकच शीट!" लोक खाली लिहून राहिले... गेले ते दिवस, काय गाड्या होत्या राव. ज्यांचे गुडघे त्या जीपमध्ये कायमचे वाकडे झाले तेच रडून राहिले! लातूरकडच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला. जुनी जीप ढाब्यासमोर उभी करायची, लोक फोटो काढतील, हॉर्न दाबला की ड्रायव्हरचा आवाज यायला पायजे. "अन् ती चित्रं वाचायचेत ना, तेबी भरून दे भाऊ. सेम टू सेम."

बापूला जीपचं विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'ने.' आवाजाचं मी विचारलंच न्हाई. इथं मला शिव्या द्यायच्या असतील तर लाईनीत या, पुढं बरेच जण हायत.

तर त्या दिवशी दुपारी फोन घेऊन शेडात गेलो. बापू ओसरीवर झोपलेले, मोठीआई चुलीपाशी. ड्रायव्हरच्या शीटवर बसलो, रेकॉर्डिंग चालू केलं. डॅशबोर्डवर एक शेवटचं कात्रण राहिलेलं. पयली चौकट वाचली, दुसरी, तिसरी... काय जमलं म्हणता! चौथीकडं बघतो तर अक्षरं उन्हानं पार उडालेली. जमादार तोंड उघडून उभा, अन् डोक्यावरचा फुगा कोरा. मी च् च् केलं अन् बसून राहिलो, रेकॉर्डिंग चालूच.

तेवढ्यात मोठीआई पळत आली. हाताला पीठ, हातात पाण्याचा तांब्या.

"कुठं हायत रं हे? हाक मारली मला."

"मीच होतो, मोठीआई. नक्कल करून राहिलो."

"तू न्हाई. तू मला त्या नावानं कशाला हाक मारशील?"

अन् तशीच ओसरीकडं पळाली. मी मागं. बापूला हलवून उठवलं तिनं.

"बोलला न्हवं? बिजले म्हणालात! म्या ऐकलं. एकडाव म्हणा की परत!"

बापू दचकून उठले. तोंड उघडलं... गळ्याच्या भोकातून नुसती फुस्स हवा. मोठीआई तांब्या धरून उभीच. पाणी सांडून राहिलं.

बिजली. जन्म त्या घरात गेला माझा, हे नाव कधी ऐकलं न्हाई. आमच्यासमोर बापू तिला नुसतं "अगं" म्हणायचे.

माझ्यावरचा आळ काढायला मी रेकॉर्डिंग लावलं. तीन चौकटी माझ्या. मग मी थांबलो. मग...

"बिजले, पाणी आण गं. गाडी भरली."

अन् त्याच्याच खाली, त्याच वेळी, माझं ते च् च्. एका तोंडातून दोन्ही एकदम कसं निघंल, तुम्हीच सांगा.

डीजेचं काम करणाऱ्या एका दोस्तानं ते लई वेळा ऐकलं. जोडलेलं न्हाई म्हणतो. शेडात मला तर ते ऐकूबी आलं नव्हतं, आजबी उमगलं न्हाई. जीप अजून शेडातच हाय. अन् त्या दुपारपासून माझ्या गळ्यातून बापूचा आवाज निघत न्हाई. बाकी सगळ्यांचा निघतो.

पण त्या दिवशी माझं कोण ऐकतंय! बापूनं पाटी घेतली. अन् मोठीआईला कळावं म्हणून ती मोठ्यानं कुणी वाचायची? मीच. माझी बोलणी मीच खाल्ली.

'माझी नक्कल केली, मी हसलो.' ओल्या फडक्यानं पुसलं.

'जीप मागितली, दिली.' पुसलं.

'हिला कशाला पळवलं?'

हेबी मीच वाचलं. बापूनं पाटी उलटी केली. पेन्सिल मोडेस्तोवर दाबून लिहिलं.

'राहिलेल्या शिव्या तूच तुला दे. माझ्या आवाजात. हिला ऐकू दे.'

मी तोंड उघडलं. दोनदा प्रयत्न केला. माझाच आवाज निघाला, बारीक, त्या शेळीसारखा.

मोठीआईनं तांब्या खाली आदळला.

"ढाबेवाल्यासाठी निघतो, अन् माझ्यासाठी न्हाई व्हय रं, मुडद्या?"